बेकरीच्या भट्टीतले ओट्स

भाईंदर पूर्व,
गुरुवार, सकाळचे सव्वादहा

आदरणीय व्याही धम्मपालराव यांस सहादेवचा सप्रेम जय भीम.

आपल्या गुडघ्याला उतार पडला असेल आणि विहीणबाई आपल्याला जिना चढू देत नसतील, अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल आहेत, एक मी सोडून. (फोन केला नाही, कारण फोनवर आपण विनोद करता, मी हसतो आणि मुद्दा राहून जातो.)

मुद्दा संचिताचा आहे. गेल्या रविवारी आपण आलात, तेव्हा तिने हौसेने ओट्स केले आणि आपण म्हणालात, हे तर घोड्याचं खाणं! विनोद आपला, पण हसलो मी, तेही ठसका लागेपर्यंत. आपण बाप, आपल्याला माफी जागच्या जागी मिळाली. मला अजून मिळालेली नाही. सोमवारपासून आपली लेक नुसत्या चहावर ऑफिसला जातेय. भांडत नाही, कामापुरतं बोलते, डबा नेते. पण नाश्ता नाही. आमचा धम्मदीप सहालाच काशीमीऱ्याच्या गोदामावर कामाला जातो, त्याला यातलं काही दिसत नाही. मला दिसतं, आणि जीव थाऱ्यावर राहत नाही. सून उपाशी घराबाहेर पडते आणि सासरा पोहे खातो (तीन दिवस खाल्ले, चव लागली नाही).

म्हणून काल ठरवलं, तिचेच ओट्स करायचे, फळं घालून, केकसारखे भाजून. व्हिडिओतली मुलगी दूध, केळं, सफरचंद आणि दालचिनी घालते. दालचिनी सापडेना. उठलो, बसलो, पुन्हा उठलो आणि तिच्याऐवजी दोन चिकू घातले. मग हात थांबेना, पपई घातली, कलिंगडही घातलं. आता भाजायचं कशात? ओव्हन आमच्याकडे नाही. पण दिवाळीत नानकटाईचा ट्रे कोपऱ्यावरच्या बेकरीत भाजून आणायची रीत आहेच. सकाळी सहाला ट्रे देऊन आलो. बेकरीवाला पाऊण तास लागेल म्हणाला. मी चार वेळा जाऊन आलो, चौथ्यांदा तो म्हणाला, "अंकल, बैठो ना, भट्टी भाग के नहीं जाएगी."

साडेसातला ट्रे हातात आला. त्यात अठ्ठावीस नानकटाया! बेकरीवाला भला माणूस. "बहुत पतला था अंकल, भाभी ने पानी ज़्यादा डाला होगा. मैंने मैदा, डालडा डाल के संभाल लिया." (भाभी जाऊन सहा वर्षं झाली, पण ते सांगायला वेळ नव्हता.)

घरी धावत आलो, तर संचिता दारात चपला घालत होती. माफी मागायची, हे कालपासून घोकलं होतं. तोंडातून निघालं, बेकरीवाल्याने घोळ केला. तिने ट्रेकडे पाहिलं, माझ्या शर्टावरच्या पपईकडे पाहिलं, दोन नानकटाया रुमालात बांधल्या आणि गेली. हसली की नाही, हे पाठमोरं कसं कळणार? तेव्हापासून मी गॅलरी ते स्वयंपाकघर फेऱ्या मारतोय. एक नानकटाई मीही चावून पाहिली. पोरीचे दात सलामत राहोत.

आपला,
सहादेव

ता. क. विनंती अशी की, तिला सहज फोन करून काय खाल्लंस एवढं विचारावं. मी विचारायला लावलं, हे कळू देऊ नये.

दुसरा ता. क. फोन करू नका! आत्ताच तिचा मेसेज आला: "बाबा, दोन्ही खाल्ल्या. कलिंगड कोण घालतं?? पुढच्या महिन्यात पप्पा आले की मीच करते, दोघांनी बसून खायचं." तर व्याहीबुवा, ताटली समोर आली की गुपचूप खा. विनोद सुचलाच तर गिळा. मला हसू आवरत नाही, आणि आपल्याला आणखी दोन लेकी आहेत, मला ही एकच.