काकींच्या बाजूचं दार

२७ फेब्रुवारी

गुजरातमधल्या दहेजहून फोन आला. नोकरी पक्की! चार एप्रिलला हजर व्हायचं. इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, म्हणजे माझंच काम. इथली महाडची कंपनी दिवाळीत बंद पडली तेव्हापासून ह्याच फोनची वाट बघत होते, आणि आला तेव्हा भांडी घासत होते. ओल्या हातानेच 'हो सर' म्हटलं.

नवऱ्याला सांगितलं. विनीत म्हणाला, जा, इथे बसून काय करणार? मग रिक्षा पुसायला गेला. सकाळीच पुसली होती.

१ मार्च

विनीतने आज भलतंच काम आणलं. स्वतःच्या रिक्षामागून एक लांबलचक काळी जर्मन गाडी गल्लीत घेऊन आला. गाडी जुनी, पण काय चकचकीत ठेवलीय! मालक येसाजीकाका, पोलादपूरच्या पुढे उमरठचे. उभी हयात मुंबईत एका शेठची हीच गाडी चालवली. शेठ गेले, मुलीने गाडी काकांनाच देऊन टाकली. काका गाडी घेऊन गावी आले.

ह्या गाडीचं दार आपटायचं नसतं. नुसतं टेकवायचं, बाकीचं ते स्वतः ओढून घेतं. डिकीत एक हवेचा पंप आहे, त्यातून प्रत्येक दारात बारीक नळ्या गेल्यात. दार ओढणं हवेवर, कुलपंही हवेवर. आणि आता दोन्ही बिघडलंय. काका सगळे मिस्त्री फिरून आले. सगळ्यांचं एकच — पंप काढून फेका, साधी कुलपं बसवा.

मी म्हटलं, मी गाड्या दुरुस्त करत नाही. विनीत मध्येच बोलला की ही कंपनीत हवेवर चालणारे व्हॉल्व्हच सांभाळायची. मला राग आला त्याचा. तरी डिकीशी कान नेला. पंप घरघर घरघर करत राहिला आणि दमून गप्प झाला. म्हणजे हवा कुठेतरी निसटतेय. हे मला कळतं की.

काका जाताना दबक्या आवाजात सांगून गेले. मागच्या महिन्यात महाडच्या बाजारात ते औषधं घ्यायला उतरले आणि कुलपं आपोआप पडली. काकी आत, उन्हात, काचा बंद. सांधेवाताने त्यांची बोटं वाकलीत, आतली कडी ओढता येईना. माणसं जमली, काचेवर हात मारायला लागली. शेवटी काकांच्या बाजूचं दार किल्लीने कसंबसं उघडलं. त्या दिवसापासून काकी गाडीत बसत नाहीत. घाटाच्या वळणांवर एसटीचे धक्के त्यांना सोसत नाहीत, म्हणून दवाखानाही बंद.

गाडी ठेवून घेतली. का, ते मला विचारू नये.

३ मार्च

एकेका दाराची नळी बंद करून पंप ऐकत बसले. काकांच्या बाजूची नळी बंद केली की घरघर थांबते! दाराच्या बिजागरीपाशी रबराचा कोपरा आहे, तो दार उघडून-मिटून चिरलाय. नवा बसवला. पंप सुरू झाला आणि लगेच समाधानाने थांबला. मीपण.

४ मार्च

पंप मेला. आवाजच नाही.

७ मार्च

पंप उघडला. त्याच्याभोवती आवाज दाबायला स्पंज असतो, तो ओला गच्च. डिकीच्या झाकणातून पावसाचं पाणी आत जातं, कुणी बघितलंच नसेल. आतल्या सर्किटवर हिरवट गंज, डाग दिलेले सांधे तडकलेले. ब्रशने साफ केलं, सगळे सांधे नव्याने डागले.

किती महिन्यांनी सोल्डरिंगची कांडी हातात धरली! धुराचा तो वास. विनीत दारात उभा होता, कधीपासून ते माहीत नाही. म्हणाला, जेवलीस का? संध्याकाळ झाली होती आणि मी जेवले नव्हते.

पंप चालतो.

९ मार्च

सगळी दारं ओढून घेतात, सगळी कुलपं उघडतात. एक सोडून. पुढचं डावं दार टेकवलं की तसंच अर्धवट राहतं. दाराच्या आत एक वाटी आहे, तिच्यात रबराचा पातळ पडदा. हवेने तो पडदा ओढला जातो आणि तो दाराला ओढतो. पडदा मधोमध फाटलाय. कुठेच मिळत नाही. मुंबईच्या दुकानदाराने फोनवर हसून घेतलं.

काकांना कळवलं. ते म्हणाले, राहू दे. कुलपं झाली ना, मग त्या दाराचं बघता येईल. ती बाजू माझ्या मंजुळाची, तिचं दार मी लावीन. जन्मभर तेच केलं.

मलाही ते पटलं. काम संपलं असं धरून चालले.

१० मार्च

काम संपलेलं नाही.

गाडी घेऊन काकांबरोबर उमरठला गेले. काकी ओसरीवर बसल्या होत्या. बारीकशा, डोळे तरतरीत. मला चहा दिला, कप दोन्ही मनगटांत धरून. मदतीला उठले तर नजरेनेच खाली बसवलं.

काकांनी मोठ्या उत्साहाने कुलपं उघडून-लावून दाखवली. काकी अंगणात आल्या. पुढच्या सीटवर बसल्या, आणि काका सवयीने पुढे झाले, दाराला हात लावला. काकी शांतपणे म्हणाल्या, "जल्मभर दुसऱ्यांची दारं लावलीत. माझं नका लावू."

काकांचा हात तिथेच राहिला. त्या उतरल्या आणि घरात गेल्या.

मग काका बोलले. काकी मुंबईला फक्त एकदा आलेल्या. बंगल्याच्या फाटकाशी उभं राहून त्यांनी नवऱ्याला बघितलं — बाईसाहेब बसतात, हा वाकून दार लावतो. तेव्हा काही म्हणाल्या नाहीत. आजच म्हणाल्या.

गाडी परत महाडला आणली. काकांना म्हटलं, त्या दाराचं झाल्याशिवाय देणार नाही.

१४ मार्च

धुळवड. सगळं बंद. जुन्या ट्यूबचं रबर कापून पडदा केला. जाड झाला. दार हललं, पण ओढलं गेलं नाही. मग फुग्यासारखं पातळ रबर लावलं. फट्! गेलं.

दहेजहून कागदपत्रांची आठवण करून देणारा मेल. पाठवली.

२० मार्च

सत्याग्रह दिन. चवदार तळ्यावर जाऊन आले. काय गर्दी! विनीतच्या वीर स्टेशन ते महाड फेऱ्या उजाडल्यापासून. दुपारी घटकाभर घरी आला तेव्हा म्हणाला की पुढच्या वर्षी तू रजा घेऊन ये ह्या दिवसाला. मी हो म्हटलं. पाणी पिऊन गेला. 'रजा घेऊन ये' हे डोक्यातून जाईना.

२२ मार्च

मिळाला!! एमआयडीसीबाहेरच्या भंगारवाल्याकडे एका व्हॉल्व्हच्या डब्यात. कापड घातलेलं पातळ रबर, हवेचा दाब सोसायलाच बनवलेलं. असले पडदे मी कंपनीत किती बदललेत! गाडीचं आहे की कारखान्याचं, हाच विचार करत बसले होते इतके दिवस. हवेला काय त्याचं?

कडेने कापला, भोकं पाडली, वाटीत बसवला. दार टेकवलं. बारीकसा श्वास घेतल्यासारखा आवाज झाला आणि दार आत गेलं. मी पुन्हा उघडलं. पुन्हा टेकवलं. शेजारच्या उज्वलाताई गॅलरीतून बघत होत्या. त्यांना वाटलं असेल, हिला वेड लागलं.

२३ मार्च

उमरठ. काकींना आधी आतून उघडायचं दाखवलं. दाराची खुंटी कोपराने वर ढकलली की सगळी कुलपं उघडतात. कडीला मी कापडी पट्टा बांधलाय, मनगट घालून ओढायचा. त्यांनी चारदा करून बघितलं. बाजार विसरल्या नव्हत्या.

मग दार. मनगटाने ओढून टेकवलं. ते गेलं आत.

काकींनी काच खाली करायला लावली आणि काकांना म्हणाल्या, "चला आता. दवाखाना उघडा असंल ना?"

काका गाडीच्या त्या बाजूला उभे होते, हातांचं काय करावं ते कळत नसल्यासारखे. मग पळतच आपल्या बाजूला गेले.

मला महाडपर्यंत मागे बसवून आणलं. लोण्यावरून घसरल्यासारखी चालते गाडी. घाटातून बघत होते, पळसाची झाडं सगळी पेटलीत.

२६ मार्च

काकांनी आपल्या जुन्या ड्रायव्हर मित्रांना सांगितलं असावं. चिपळूणहून एका डॉक्टरांचा फोन, त्यांच्या गाडीची दारंही अशीच. साताऱ्याहून एक जण पंप पार्सलने पाठवू का म्हणतोय. बिरवाडीच्या एका छोट्या कारखान्याला महिन्यातून काही दिवस व्हॉल्व्ह बघायला कुणीतरी हवंय. सगळ्यांना सांगितलं, मी दहेजला चाललेय.

विनीत ऐकत होता. फोन ठेवल्यावर मी विचारलं, तुला काय वाटतं, खरं सांग.

त्याने रिक्षाची किल्ली खाली ठेवली. मग म्हणाला, "मी थांब म्हटलं आणि तू थांबलीस, तर ते माझ्यासाठी होईल. मला तसं नकोय."

३० मार्च

बॅग भरली. सोल्डरिंगची कांडी घेतली, बाहेर काढली, परत ठेवली.

२ एप्रिल

काका-काकी हट्टाने वीरला सोडायला आले. पुढे ते दोघं, मागे मी आणि विनीत. स्टेशनच्या आवारात पोचलो तेव्हा रेल्वे फलाटावर लागतच होती. काकांनी आरशातून बघत विचारलं, "दारं उघडू ना गो?"

विनीत खिडकीबाहेर बघत होता. मी म्हटलं, "नको काका. महाडला चला."