काळ्या तुतारीचा तज्ज्ञ

३ सप्टेंबर
संकल्प : यंदा निसर्गमंडळाचा अध्यक्ष मीच. बायकोचा भाऊ पाच वर्षं खुर्चीला चिकटलाय. अभ्यास शून्य. माझं चष्म्याचं दुकान. नजर हाच धंदा. आजपासून मी काळी तुतारी या अळंबीचा तज्ज्ञ. पुस्तक आणलं.

५ सप्टेंबर
पहिला धडा वाचला. दिसायला तुतारी. छत्रीवाल्या अळंब्यांसारख्या खाली पट्ट्या नाहीत, जवळजवळ गुळगुळीत. म्हणून कूळ वेगळं, पिवळ्या शॅन्टरेल अळंबीचं. ओक आणि बीच या झाडांच्या मुळांशी संसार. झाड साखर देतं, ही पाणी आणि क्षार पुरवते. बायको म्हणाली, अगदी आपल्यासारखंच. मी विचारलं, यात झाड कोण? ती हसत आत गेली. अर्थात मीच.

९ सप्टेंबर
दुसरा धडा राहिला. दुकानात गर्दी. (एक गिऱ्हाईक.) शिवाय फार वाचलं की स्वतंत्र विचार मरतो. माझा सिद्धांत : काळी अळंबी, म्हणजे अंधार हवा. सर्वांत गडद सावली पाईनची. म्हणजे पाईन! इतकं सोपं कुणाला सुचू नये?

१२ सप्टेंबर
बैठकीत सिद्धांत मांडला. मेहुणा म्हणाला, दाजी, पुस्तकात ओक आहे ना? मी म्हटलं, पुस्तकं जुनी होतात. तो म्हणाला, रविवारी पाईनखाली एक तरी दाखवा, खुर्ची तुमची. अडकला बिचारा!

१५ सप्टेंबर, रविवार, दुपार
पाईनखाली सगळं मंडळ ओणवं. हाती लागली फक्त सुईसारखी पानं आणि माझी पाठदुखी. अळंबीला माणसांची चाहूल लागते, असं सांगितलं. एक बाई सारख्या ओककडे वळत होत्या; त्यांना दोनदा मागे आणलं.
चहाला मात्र ओकखालीच बसलो. शेवाळ मऊ. पाईनवर अर्धा तास बोललो. कुणी हूं की चूं केलं नाही. मेहुण्याने तर फोटोही काढला. आदर वाढतोय.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बायको विचारते, पँटला मागे हे काळं काय? म्हटलं, संशोधन.

१६ सप्टेंबर
फोटो ग्रुपवर आला. मी बोट उगारून बोलतोय. भोवती शेवाळात काळ्या तुताऱ्याच तुताऱ्या. काही माझ्याखाली. सगळ्यांना दिसत होत्या म्हणे. वक्त्याला मध्येच तोडणं बरं नाही, म्हणून गप्प बसले.
ज्यांवर मी बसलो होतो त्या सोडून बाकीच्या मेहुण्याने खुडून घरी पाठवल्या. बायकोने लोण्यात परतल्या. मी रागाने ताटाकडे पाहिलंही नाही.
मग दोनदा वाढून घेतल्या.