बारक्याची तीन वर्षं

४ मार्च

ती. ताईस,
सा. न., एका पायावर. वि. वि.

डावा पाय वर आहे आणि उजवा थरथरतो आहे, म्हणून अक्षर असं आलंय. केंद्रातल्या बाईंनी सांगितलंय की दहा सेकंद टिकायला हवं. मी सातव्या सेकंदाला कपाट धरतो. आत्ताही धरलं. तुझी भावजय आतून म्हणाली की पत्र बसून लिहिलं तर ताई काही रागावणार नाहीत. बसलो.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहितो आहे. तुझी लेक काम करते त्या केंद्रात, म्हातारपण कसं येतं आणि ते लांबवता येतं का याचा अभ्यास चालतो, हे तुला ठाऊक आहेच. तिच्या आग्रहाने मी गेलो. दंडातून रक्त काढलं, मुठीची ताकद मोजली, चालवलं, उभं केलं, शब्द पाठ करायला लावले. शब्दांत मी पहिला आलो. मी त्यांना सांगितलं की मला तिसऱ्या वर्षापासूनचं आठवतं. मावशीच्या घरातली खाट, खिडकी आणि समोरच्या दुकानाची पाटी. पाटीवरची अक्षरंसुद्धा म्हणून दाखवली. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

मग रक्ताचा निकाल आला. कागदावर मी सदुसष्टचा आहे. रक्त म्हणतं, बहात्तरचा. म्हणजे मी पाच वर्षं पुढे पळतो आहे आणि मला पत्ता नाही. ज्यांचं शरीर चार वर्षांहून जास्त पुढे गेलंय त्यांना एक नवी गोळी द्यायची आहे, तीन वर्षं, रोज सकाळी. तीन एप्रिलपासून सुरू. माझं नाव यादीत आहे.

मला काही कळेनासं झालंय. मी विडी ओढली नाही, पायी चाललो, सकाळी लवकर उठलो. तरी कुठे गळती लागली? रात्री नाडी मोजतो. मीठ सोडलं. तुझी भावजय म्हणते की आता जेवणही सोडा, म्हणजे भांडी कमी घासावी लागतील.

दुकान बंद करायचं ठरवलं आहे. चाळीस वर्षं लोकांचे वजनकाटे दुरुस्त केले, आता हात कधी दगा देईल याचा भरवसा नाही. काल औषधवाल्याचा छोटा काटा समोर होता. वजन चिमट्याने उचलताना वाटलं, हा हात बहात्तरचा आहे. वजन खाली ठेवलं आणि त्याला परवा या म्हणालो. पलीकडच्या गल्लीतला कुलूपवाला जागा मागतोच आहे. तीन तारखेला किल्ली देईन.

तू अडुसष्टची. तुझं सगळं ठीक आहे. तू काय खातेस ते कळव. आणि केंद्रातल्या बाईंनी विचारलंय की लहानपणी मी नक्की किती दिवस आजारी होतो. मी म्हणालो, ते ताईला माहीत.

माया आहे ती कमी करू नये.
तुझा,
बारक्या

१० मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ. आणि एक चापटही.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग नाही हसले. बहात्तर म्हणे! तुझं रक्त जो मोजतो, तो कधी तुझ्या काट्यावर चढला आहे का ते विचार.

मी काय खाते? समोर येईल ते, आणि उरलेलंही. दुपारी झोपते. शिवणाची गिऱ्हाइकं अजून येतात. काल एक बाई लग्नातला ब्लाउज घेऊन आली, तोच मला पुन्हा अंगात बसवून द्या म्हणाली. दोन्ही कुशी उसवल्या, आत जेवढं कापड होतं तेवढं सोडलं. तरी चार बोटं कमी पडली. ती माझ्यावर रागावली, जणू मीच तिला जाड केलं.

मीठ सोडू नकोस, तुला चक्कर येते. दुकान बंद करू नकोस. घरी बसलास तर भावजयीचं वय पाच वर्षांनी वाढेल आणि तिला कोण गोळी देणार?

आजारपणाचं म्हणशील तर तू बराच काळ आजारी होतास. एवढं सांग त्यांना. जुन्या गोष्टी उकरून रक्त बदलत नाही.

काळजी करायचं काम माझं आहे, ते माझ्याकडेच राहू दे.
तुझी,
ताई

१६ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मामाच्या घरी जाऊन आले. तो वाळला आहे. मामी सांगते की पहाटे उठून आरशासमोर जीभ बाहेर काढून उभा असतो. दुकानातली लोखंडी वजनं पुसून पेटीत भरली आहेत. मी त्याला केंद्रात नेलं ही माझीच चूक झाली असं वाटतं.

तुला सोपं करून सांगते. रक्तातल्या पेशींवर वयाबरोबर खुणा पडत जातात. त्या खुणा वाचून आम्ही शरीराचं वय काढतो. ते नेमकं नसतं. दोन-तीन वर्षं इकडेतिकडे होतातच. पण पाच म्हणजे जास्त. माझ्या वरच्या डॉक्टरांनी तपासणी पुन्हा करून घेतली. पुन्हा बहात्तर.

गोंधळ असा की बाकी कशातच मामा पुढे पळालेला दिसत नाही. मूठ चांगली आहे, चाल चांगली आहे. रक्तदाब माझ्यापेक्षा बरा. मग मला एकच सुचलं. आम्ही रक्ताचं वय दोनदा तपासलं, कागदावरचं एकदाही तपासलं नाही. त्याच्याकडे जन्माचा दाखला नाही, फक्त शाळेचा आहे. मी मामाला विचारलं तर म्हणाला की शाळेचा दाखला आजोबांनी, म्हणजे तुझ्या बाबांनी, दिलेल्या तारखेवरून झाला, आणि ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे, त्यांच्या हातून वेलांटी सुटली नाही तर वर्ष कसं सुटेल.

आई, ही गोळी ज्याला गरज नाही त्याने घेतली तर साखर उतरते. आधीच्या चाचणीत दोघं चक्कर येऊन पडले आहेत. एकाचं खुब्याचं हाड गेलं. म्हणून विचारते, आणि लेक म्हणून नाही, केंद्राची म्हणून विचारते. मामा कधी जन्मला?

उत्तराची वाट पाहते. तू गप्प बसलीस तर मला भीती वाटते.
तुझी,
मुलगी

२४ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ. या खेपेला तरी घे, पुढचं ठरलं नाही.

हे पत्र तीनदा फाडलं. लेकीने विचारलं म्हणून लिहिते आहे. तिने विचारलं नसतं तर लिहिलं नसतं, हेही तुला कळू दे.

मी दोन वर्षांची असताना तुला मावशीकडे ठेवलं, कारण मोठा दवाखाना तिच्या गावात होता. मला तुझा चेहरा आठवत नव्हता. आई रोज म्हणायची की दादा बरा होऊन येणार. मी सहा वर्षांची झाले, शाळेत जाऊ लागले, आणि एका दुपारी बाबा तुला खांद्यावर घेऊन आले. तू माझ्या कानाएवढा होतास. मी आईला विचारलं की दादा कुठे आहे. ती म्हणाली, हाच.

तू आठ वर्षांचा होतास, बारक्या. आठ.

शाळेत पहिलीत सहाच्या वरचं मूल घेत नव्हते. हेडमास्तरांनी बाबांना सांगितलं की आठ वर्षांच्या मुलाला अक्षरं येत नसतील तर घरी ठेवा. तुला अक्षरं येत होती, पण तू कुणाशी बोलत नव्हतास. बाबा घरी आले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तुला दुसऱ्या शाळेत नेलं आणि पाच वर्षांचा म्हणून घातलं. जाण्याआधी मला खाली बसवून म्हणाले की आजपासून तू ताई. मी विसरून एकदा दादा म्हणाले. बाबांनी माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. त्या दिवशी उचलला. मग स्वतःच बाहेर जाऊन उभे राहिले.

पुढचं तुला माहीत आहे. तुझी पाटी मी उचलली, तुला मारणाऱ्या पोरांना मी मारलं. सुरुवातीला नाटक होतं. कधी खरं झालं ते मला सांगता येणार नाही. मधली कितीतरी वर्षं मी खरोखर विसरले होते. आईच्या शेवटच्या आजारात ती सारखी विचारायची, दादा जेवला का. तुम्ही सगळे म्हणालात की तिचा भाऊ आठवतोय तिला. मी तिला हळूच म्हणाले, जेवला.

आता मला कळत नाही की मी तुझं भलं केलं की तीन वर्षं चोरली. आणि खरं सांगू? हे कळल्यावर तू मला काय म्हणशील, याचीच भीती जास्त वाटली. तुझ्या गोळीपेक्षाही.

तू सत्तरचा आहेस. रागाव, पण मीठ खा.
तुझी,
(इथे काय लिहू ते सुचत नाही)

२९ मार्च

वर काय लिहावं ते ठरेना, म्हणून जागा सोडली आहे.

पत्र आलं तेव्हा मी दुकानातल्या फळ्या उतरवत होतो. वाचलं, तिथेच वजनांच्या पेटीवर बसलो. मग घरी येऊन तुझ्या भावजयीला वाचून दाखवलं. ती म्हणाली की म्हणजे चाळीस वर्षं मी ज्यांच्यापुढे वाकले त्या माझ्या धाकट्या नणंदबाई. आता त्यांना मला वहिनी म्हणावं लागेल, आणि उलटून बोललेलं ऐकून घ्यावं लागेल. हसत होती, पण डोळे पुसत होती.

मी रागावलो का? दोन दिवस रागावलो. कुणावर ते कळेना. बाबांवर रागवावं तर ते नाहीत. तुझ्यावर रागवावं तर तू सहा वर्षांची.

एक गोष्ट आठवते. शाळेच्या दाराशी बाबांनी मला बोटं मोजायला लावली होती. किती वर्षांचा, म्हणून विचारायचे आणि पाच बोटं उघडायला लावायचे. मला वाटलं आकडे शिकवताहेत. मला तेव्हा पाढे येत होते. मी मनात म्हणालो की यांना माहीत नाही वाटतं, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून पाच बोटं दाखवली. आणि मावशीच्या घरासमोरच्या पाटीची गोष्ट मी आयुष्यभर तिसऱ्या वर्षापासूनच्या स्मरणशक्तीची म्हणून सांगत आलो. तीन वर्षांच्या पोराला दुकानाची पाटी वाचता येते का, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही. मी तर नाहीच.

तुझ्या लेकीला बोलावून विचारलं की आता मी काय समजू. सत्तरचा माणूस, रक्त बहात्तरचं, दोनचाच फरक, म्हणजे मी ठीक? ती म्हणाली, बहुतेक. पण चार वर्षांच्या आजारपणानेही खुणा वाढू शकतात, तेव्हा नक्की कुणालाच सांगता येणार नाही. एवढं मोठं केंद्र, एवढी यंत्रं, आणि शेवटी बहुतेक! आमच्या धंद्यात काटा रिकामा असताना शून्यावर नसेल तर पुढचं कुठलंही वजन आम्ही सांगत नाही. मी हे तिला म्हणालो. ती म्हणाली, मामा, माणूस रिकामा कधी असतो?

गंमत बघ. सदुसष्टचा बहात्तरचा झाला म्हणून मी मरायला टेकलो होतो. आता तीन वर्षांनी म्हातारा झालो आणि जिने बिनधास्त चढतोय. तेच जिने, त्याच गुडघ्यांनी. यातलं शास्त्र कुणी मला समजावून सांगावं.

पण तुझं काय करू ते समजत नाही. मी तुला काही म्हटल्याशिवाय पत्र संपवू शकत नाही. तुझ्या भावजयीने दोन शब्द सुचवले, दोन्ही तोंडात बसले नाहीत. तू मला मारणाऱ्या पोरांना मारलंस, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि तू नऊ. हे डोक्यात आलं की मला खूप लाज वाटते आणि मग तितकंच हसू येतं.

गोळीचं अजून ठरवलं नाही. कुलूपवाला उद्या विचारायला येणार आहे. कागदावरचं वय तसंच ठेवलं तर गोळी मिळते, आणि कुणी सांगावं, गोळीने दहा वर्षं वाढतीलही. खरं सांगितलं तर काही मिळत नाही.

तीन तारखेपर्यंत लिही. नाही लिहिलंस तरी चालेल.
तुझा,
बारक्या (हे तरी राहू दे)

२ एप्रिल, संध्याकाळ

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मामाला दुपारी मिळालं. एका ओळीचंच होतं म्हणाला, पण दाखवलं नाही. खिशात ठेवलं आहे. उद्या काय करणार म्हणून विचारलं तर मलाच विचारायला लागला की मी त्याच्या जागी असते तर काय केलं असतं. मी केंद्राची म्हणून एक उत्तर दिलं आणि भाची म्हणून दुसरं. तो म्हणाला, छान, आता तूही गोंधळलीस.

मी सकाळी लवकर जाईन. पाकीट बंद करत नाही, उद्याचं लिहून मग टाकते.

३ एप्रिल. मामा सकाळी नऊला आला. बाटलीवर त्याचा क्रमांक चिकटवून ठेवला होता. त्याने ती हातात घेतली, वजन केल्यासारखी तळहातावर धरली आणि परत दिली. अर्जातल्या जन्मतारखेवर रेघ मारून सही केली. डॉक्टरांनी खरी तारीख विचारली. तो म्हणाला की तारीख कुणालाच माहीत नाही, वर्ष घरच्या एका माणसाला माहीत आहे. मग माहिती देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायला सांगितलं. त्याने तुझं नाव लिहिलं आणि बराच वेळ लेखणी धरून बसला. डॉक्टर म्हणाले, मोठी की धाकटी तेही लिहा. त्याने नुसतं बहीण लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. दहा वाजता दुकान उघडलं. औषधवाल्याचा काटा आज संध्याकाळी तयार होईल.