दादाला सगळंच आवडलं

१२ जानेवारी

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तिकिटं काढलीस हे वाचून मी माझ्या चष्म्याच्या दुकानात एवढ्या मोठ्यानं हसले की नंबर तपासायला बसलेले आजोबा तक्त्यावरची अक्षरंच विसरले. शेवटी दादाला घराबाहेर जेवायला न्यायचं म्हणून तुला थेट परदेश गाठावा लागला! हे पत्र तुझ्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. फोनवर बोलायची सोय नाही. तुझा फोन वाजला की दादा पेपर वाचत असल्यासारखा शेजारी येऊन बसतो.

आता नीट ऐक. दरवर्षी सगळ्यात स्वस्त तिकिटावर चार दिवस भटकून येणारी बाई सांगतेय. पिशवी सात किलोंची, म्हणजे सातच. जाड कपडे अंगावर घालायचे, हलके पिशवीत भरायचे. पोटभर जेवण दुपारी उरकायचं. हॉटेल तेच, आचारी तोच, पण दुपारच्या ठरलेल्या जेवणाला रात्रीच्या निम्मे पैसे पडतात. पुतळा, कारंजं असलं काही दिसेल अशा खुर्चीवर बसायचं नाही, त्या खुर्चीचं भाडं सूपमध्ये धरलेलं असतं. टॅक्सीवाले जेवत असतील तिथे खुशाल शिरावं.

खरी काळजी दादाची. रोज पाचशे कामगारांना जेवू घालणारा कँटीनचा मुख्य आचारी दुसऱ्याच्या हातचं मुकाट्यानं खाईल कसा? माझ्या साखरपुड्याचं जेवण आठवतंय ना? यानं रस्सा तळहातावर घेऊन चाटला, डोळे मिटले, आणि उठून सरळ हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेला. शेवटी आपण सगळ्यांनी हॉटेलला पैसे देऊन दादाच्याच हातचा रस्सा खाल्ला!

तुझं दुखणं मला ठाऊक आहे. लग्नाला तीस वर्षं होत आली, पण तुझ्या हातच्या जेवणाला त्यानं एकदाही चांगलं म्हटलेलं नाही. काही बोलला नाही म्हणजे पहिला नंबर समजायचा. मी किती वेळा सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. त्याच्या डावांपासून, पातेल्यांपासून लांब गेल्यावर एखादा बरा शब्द त्याच्या तोंडून गळून पडला तर उचलून ठेव, आणि मला लगेच कळव.

बाकी क्षेम. लोभ आहेच, तो मात्र सात किलोंत बसवू नकोस.

तुझी,
मुंगी
(तुझ्या नवऱ्यानं ठेवलेलं नाव. सामान दिसतं, मी दिसत नाही म्हणून.)


४ फेब्रुवारी

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

परवा सुखरूप परतलो. तुमचा सल्ला मानून मी तीन स्वेटर एकावर एक चढवले होते. विमानतळावरच्या बाईंनी मला घामाघूम झालेली पाहून बसायला खुर्ची दिली आणि बरं वाटतंय का म्हणून विचारलं. तुमचे दादा मी या बाईंच्या बरोबर नाही अशा थाटात चार पावलं लांब उभे होते.

खोली धुलाईच्या दुकानावर होती. खाली मशिनं फिरायला लागली की आमचा पलंग भिंतीपासून हळूहळू सुटायचा, आणि मग दोघांनी मिळून तो परत जागेवर ढकलायचा. पण खोली ऊबदार होती, आणि दिवसभर साबणाचा वास यायचा.

आता खरी बातमी. बसलेल्या असाल तरच वाचा. तुमच्या दादांना सगळं आवडलं! पहिल्या दुपारी एका छोट्या खाणावळीत गेलो. सहा टेबलं, आणि कानावर पेन्सिल खोचलेली मालकीण, तीच रांधणार, तीच वाढणार. चित्रावर बोट ठेवून मासा मागवला. एक घास खाऊन हे म्हणाले की छान आहे. मी हातातला चमचा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर उभ्यानं खाल्लेला चीज-पाव उत्तम. येताना विमानातलं सँडविच झकास. तळहातावर घेऊन चाटणं नाही, नाक मुरडणं नाही, स्वयंपाकघरात डोकावणं नाही. ती मालकीण तर इतकी खूश झाली की तिसऱ्या दिवशी आमच्यासाठी खिडकीजवळचं टेबल राखून ठेवलं.

आणि घरी आल्यावर, वन्सं, साधा भात आणि भाजी केली होती, तर म्हणाले आज छान झालंय. मी आत जाऊन टॉवेलात तोंड खुपसून रडले. हसू नका.

तुमचा लोभ असू द्या, नजर मात्र जरा दुसरीकडे ठेवा, दृष्ट लागेल.

तुमची,
वहिनी


११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र कँटीनच्या पत्त्यावर पाठवतेय. वाचून झाल्यावर चुलीत घाल.

तू विमानातल्या सँडविचला झकास म्हणालास? दादा, ते सँडविच मी खाल्लेलं आहे. त्यात चीज आहे हे वेष्टनावर वाचल्याशिवाय कळत नाही. वहिनीचं पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग हसू विरलं. दिवाळीनंतर तुझा ताप उतरल्यावर मी भेटायला आले होते. तेव्हा दूध उतू जाऊन करपलं, घरभर धूर झाला, आणि तू त्याच ओट्याशी शीळ घालत कांदा चिरत होतास. मला वाटलं म्हातारा झालास. आता सगळं जुळतंय. तुला वास येत नाही. चवही गेली का रे?

तुझी थट्टा करायला हात शिवशिवतायत, पण आज करवत नाही. वहिनीचे पाय सध्या जमिनीवर नाहीत. ज्या एका शब्दासाठी ती तीस वर्षं थांबली, तो तू तिला खोटा दिलास हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर ती बोलणार काहीच नाही, पण मनातून उतरशील. तूच सांग तिला.

उत्तर धाड. मायेत कमी करू नकोस.

तुझी,
मुंगी


२० फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

मला पत्र लिहायची सवय नाही. कुठे काय कमी-जास्त होईल ते समजून घे.

तू म्हणतेस ते खरं आहे. तापात गेलं ते परत आलं नाही. गरम, गार, मऊ, टणक एवढंच कळतं. कँटीनमध्ये माझ्या हाताखालचा आचारी चव बघतो. पुढे तुलाच सांभाळायचं आहे, आतापासून सवय कर, असं मी त्याला सांगितलंय. तो मला फार मोठ्या मनाचा समजतो.

प्रवासात काय करणार? चांगल्याला वाईट म्हणालो तर पकडला जाईन. म्हणून मी तुझ्या वहिनीच्या चेहऱ्याकडे बघायचो. तिनं घास घेतला आणि भुवया वर गेल्या की छान म्हणायचं. आता ती बिचारी कधी कुठे गेलेली नाही, प्रत्येक घासाला तिच्या भुवया वर. त्यामुळे मला सगळ्यालाच छान म्हणावं लागलं.

घरी आल्यावर ती वाढून समोर उभी राहिली. इतकी वर्षं उभी राहायची, तेव्हा मी पानात बघायचो. या वेळी प्रवासातल्या सवयीनं वर पाहिलं, आणि तोंडातून निघून गेलं. तिचा चेहरा काय झाला ते तू पाहिलं नाहीस. तो शब्द परत घ्यायला मला तोंड नाही. लाज वाटते, आणि भीतीही वाटते. जीभ गेलेल्या आचाऱ्याला आचारी कोण म्हणणार?

तिला सांगू नकोस. तुला माझी शपथ आहे. प्रकृतीला जप.

दादा


२ मार्च

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. उत्तराला उशीर झाला, कारण दुकानात काम फार. आनंद मात्र फार झाला.

सहज आठवलं म्हणून लिहिते. दादा घोरतो ना? आमच्या दुकानाशेजारी नाकाचे एक डॉक्टर आले आहेत, घोरण्यावर त्यांचा हात धरणारा कुणी नाही म्हणतात. एकदा दाखवून टाकावं. लगेच असं नाही, पण लवकर. आणि स्वयंपाकघराची खिडकी जरा उघडी ठेवत जा, हवा खेळती राहते. गॅसपाशी त्याला एकट्याला सोडू नकोस. या वयात पुरुष विसरभोळे होतात असं परवाच कुठेतरी वाचलं.

बाकी त्याला सगळं आवडलं हे उत्तमच झालं. हवापाणी चांगलं असलं की असं होतं.

लोभ करतेसच, यापुढेही फार प्रश्न न विचारता करावा.

तुझी,
मुंगी


१८ जून

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

वन्सं, तुम्ही ठिगळ लावता ते दोरा रस्त्यावरून दिसेल असं. घोरणं म्हणे! घोरते मी, हे सगळ्या घराला माहीत आहे. तुमचं पत्र वाचलं आणि समजले की यांनी बहिणीला आधी सांगितलं. दोन दिवस तुमचा राग आला होता. पुढे इतके महिने पत्र नाही, कारण शेवट लागल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मला पहिल्याच दुपारी कळलं होतं. तो मासा इतका आंबट होता की माझ्या भुवया कपाळात गेल्या, डोळ्यांत पाणी आलं. आणि हे माझ्याकडे बघून म्हणाले छान आहे! ज्या माणसाला लिंबाचा एक थेंब जास्त झालेला दारातून कळतो, तो हा. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मी मुद्दाम भुवया वर केल्या. लगेच उत्तम. विमानात जरा जास्तच वर केल्या, म्हणून सँडविच झकास झालं. कठपुतळी कधी हातात धरली नव्हती, पण जमलं.

तेव्हाच का बोलले नाही म्हणाल, तर चार दिवस ते माझ्याकडे बघत जेवले. मला ते हवंसं वाटलं. आणि त्यांनी आपणहून सांगावं असंही वाटत होतं. टॉवेलात रडले ते खरंच रडले. ज्याचं सगळं आयुष्य जिभेवर उभं, त्याची जीभ गेली आणि त्यानं मला सांगितलं नाही, म्हणून. थोडी त्या शब्दासाठीही रडले, खोटं कशाला बोलू? शब्द पोकळ आहे हे माहीत होतं, तरी एकदा कुणाला तरी लिहावंसं वाटलं, म्हणून तुम्हाला लिहिलं.

राग उतरल्यावर एका सकाळी यांना सांगितलं की नाकाच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. मग मी माशाची गोष्ट सांगितली. हे आधी खूप हसले, मग खुर्चीत बसून रडले. म्हणाले, आता मला आचारी कोण म्हणणार? मी म्हटलं, आधी दवाखान्यात तर चला, बाकीचं मग बघू.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तापात नाकातली, जिभेवरची नस दुखावते, काहींची सुधारते, काहींची नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार बरण्या हुंगायच्या, लिंबू, लवंग, कॉफी आणि साबण. बरणी धरायचं काम माझं. दुकानात जायच्या आधी बाह्या सरसावून मी यांच्या नाकाखाली बरणी धरायची, आणि हे डोळे मिटून शहाण्या मुलासारखे बसायचे. आठवडेच्या आठवडे काही नाही. खरं सांगू? कधीकधी मनात यायचं, यांचं नाक बरं झालं की माझं कौतुक संपलं. तरी बरणी चांगली हलवून धरायची मी, वास नीट वर यावा म्हणून.

आणि परवा, शनिवारी, दुकानामागच्या खाणावळीत गेलो, दुपारीच, तुमच्या नियमाप्रमाणे. भात आणि अंड्याचा रस्सा मागवला. मी अजून घासही घेतला नव्हता. हे मधेच थांबले. रस्सा तळहातावर घेतला, चाटला, आणि एवढ्या मोठ्यानं खारट आहे म्हणाले की सगळी खाणावळ वळून बघायला लागली. वाढपी धावत आला, बदलून देतो म्हणाला. तर हे ताटावर दोन्ही हात धरून बसले, नेऊ देईनात! ते खारट जेवण त्यांनी शेवटच्या शितापर्यंत खाल्लं. मी रडत होते, आणि तो बिचारा मला पाण्यावर पाणी आणून देत होता.

संध्याकाळी घरी भात आणि भाजी केली. वाढलं, आणि ओट्याकडे तोंड करून भांडी पुसत उभी राहिले. समोर उभं राहायचा धीर होईना. न राहवून वळायला लागले, तर म्हणाले, वळू नकोस, आज तुझा चेहरा न बघता सांगायचंय. मीठ जरा कमी पडलंय. पण छान झालंय.

मी पुसलेलंच भांडं पुन्हा पुसत राहिले. तुमच्यावरचा राग गेला आहे, लोभ मात्र जागच्या जागी आहे. तुमच्याकडूनही तसाच असू द्या.

तुमची,
वहिनी