देवाचा खिळा

आई, आज न्हाणीकडची भिंत उघडली. विजेच्या जुन्या तारा काढून नव्या घालायच्या म्हणून पौडाहून वायरमन आला होता. माजघरातल्या भिंतीवरची लाकडी पट्टी त्याने पटाशीने उचकटली आणि एका जागी हात थांबवला. पट्टीला चुना भरलेलं आरपार भोक होतं. भोकाभोवती काळी, जळकी कड. खालच्या तारेवरचं वेष्टन तेवढ्याच जागी फाटलेलं. "हितं खिळा कुनी मारलावता?" त्याने विचारलं. तुझी सून खाली पडलेली माती घमेल्यात भरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "देवाचा खिळा हाय त्यो," आणि घमेलं उचलून बाहेर गेली. वायरमन हसला. बाई देवभोळी आहे असं त्याला वाटलं असणार.

तू जाऊन दहा वर्षं होत आली. इतक्या वर्षांत तुला काही सांगावं असं वाटलं नाही, कारण जे सांगायचं ते तू असताना सांगितलं नव्हतं. आज ते भोक बघितल्यावर गिरणीत गेलो, भात मोजलं, घरी येऊन संध्याकाळी देवापुढे बसलो, पण नामात मन लागेना. म्हणून वही घेतली.

हे घर आपण घेतलं तेव्हा पिरंगुटात वीज येऊन दोनच वर्षं झाली होती. आधीचा मालक वाणी होता, तो पुण्याला गेला. गावात मोजक्या घरांत दिवे होते, त्यातलं हे एक. पहिल्या दिवशी तू एकेका खोलीत जाऊन भिंतीवर हात फिरवलास. जन्मभर लोकांच्या पडवीत राहिलेली तू, तुला भिंत आपली आहे हे हातानेच कळायला हवं होतं. मग म्हणालीस, आधी देवाला जागा. माजघरातली पूर्वेची भिंत तूच दाखवलीस. तसबीर जड होती, म्हणून मी चांगला वीतभर लांबीचा खिळा आणला. जवळून जाणारी लाकडी पट्टी मध्ये येत होती, मी खिळा तिच्यावरच धरला, लाकडात पक्का बसेल म्हणून. "आनखी दोन टोलं दे," तू म्हणालीस, "देव पडता कामा न्हाई." मी दोन टोले आणखी दिले. त्याच भिंतीच्या पलीकडे न्हाणी, आणि न्हाणीच्या खिडकीचे लोखंडी गज भिंतीतच रोवलेले. हे कुणाच्या ध्यानात येणार.

त्याच संध्याकाळी तू ट्रंकेतून वडिलांच्या खडावा काढल्यास. कितीतरी वर्षं जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ठेवलेल्या होत्या. "आता तुजी न्हानी हाय, तुजा देव हाय," म्हणालीस. तेव्हापासून मी न्हाणीत केव्हाही गेलो तरी खडावा घालूनच जातो आणि अंघोळ झाली की तसाच खडखडत देवापुढच्या पाटापर्यंत येतो. तुझ्याकडून मला मिळालेली ती सगळ्यात मोलाची वस्तू होती.

आषाढात सून पहिल्यांदा म्हणाली की न्हाणीतला गज चावतो. संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर ती ओल्या हाताने गज धरून खिडकीतून पाणी बाहेर टाकायची, तेव्हा हातातून खांद्यापर्यंत मुंग्या येत. तू विचारलंस, गज काय कुत्रा हाय का? दुसऱ्या दिवशी दुपारी तू मला गज धरायला लावलास. काही झालं नाही. संध्याकाळी दिवा लावल्यावर पुन्हा धरला, तेव्हाही काही नाही. मग तू स्वतः उंबऱ्यावर उभी राहून हात लांब करून गज धरलास. उंबऱ्यावर उभं राहू नये हे सुनेला रोज सांगणारी तू, पण पाय ओले करायचे नव्हते. तुलाही काही झालं नाही. "ह्याला चावत न्हाई, मला चावत न्हाई," तू म्हणालीस, "गजालाबी मानूस कळतंय व्हय? कामालाच चावत आसंल."

मी अगदीच स्वस्थ बसलो नाही, एवढं म्हणतो. वायरमनला बोलावलं. तो भर दुपारी आला, पायात बूट, त्याने दिवा लावून-विझवून पाहिला, गज हाताने हलवून पाहिला आणि चहा पिऊन गेला. मी दिवस लक्षात ठेवायला लागलो. काही दिवस चावायचा, मग चार दिवस पाऊस उघडला की चावायचा नाही. दिवसा कधीच नाही. आज मला यातली एकूण एक गोष्ट सरळ दिसते. तेव्हा त्या चार दिवसांचा आपण पुरावा केला. माझी बहीण राहायला आली तेव्हा उघडीप होती. तू तिला सांगितलंस, "पाव्हनी आली की गज गुनी होतोय बघ." बहीण हसली. मीही हसलो.

तुला चुलीपुढचा तो दिवस आठवतो का, मला माहीत नाही. मी सातआठ वर्षांचा असेन. शिंक्यावरचा गूळ गेला होता. तू म्हणालीस, खरं बोल. मी म्हणालो, मी न्हाई खाल्ला. तू उलथनं निखाऱ्यावर धरलंस आणि म्हणालीस, खरं बोलणाऱ्याचा हात भाजत न्हाई. आणि ते माझ्या तळव्याला टेकवलंस. मी ओरडलो. ओरडलो म्हणजे चोर, असा तुझा हिशेब होता. पुढे आठ दिवसांनी कणगीमागे घुशीचं बीळ सापडलं, त्याच्या तोंडाशी गुळाचं फडकं. शेण कालवलंस आणि बीळ लिंपून टाकलंस. त्या रात्री माझ्या भाकरीवर दूध जास्त होतं.

श्रावणातल्या शुक्रवारी तू सुनेचं तेच केलंस. दिवसभर पाऊस होता. ती म्हणाली, आज मी न्हाणीत भांडी घासत न्हाई, अंगणात घासते. तू तिचं मनगट धरून तिला न्हाणीत नेलंस. मला म्हणालीस, दिवा लाव. बटण माजघराच्या दाराशी होतं. मी लावला. "धर गज," तू म्हणालीस, "दोन्ही हातांनी धर. खरी आसशील तर धरशील." तिने आधी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पदर खोचला आणि धरला. पाय पाण्यात होते. तिची मान मागे गेली, दात वाजायला लागले, पण हात सुटेनात. तू म्हणालीस, "सोड आता. लई झालं." तेव्हा कसा कोण जाणे, माझा हात बटणावर गेला आणि दिवा विझला. ती खाली बसली. तू अंधारात म्हणालीस, "बघितलंस? कुनी बघंना झालं की सुटलं."

तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ ताम्हिणीकडून येऊन तिला घेऊन गेला. निरोप तूच पाठवला होतास. तिला मूल नव्हतं हेही तू त्या निरोपात घातलंस. मला म्हणालीस, आता तितंच राहू दे, अशी खोटी बाई घरात असली की देव टिकत नाही.

ती गेल्यावर आठवड्याभरात माझ्या उजव्या खडावेची खुंटी मोडली. अनवाणी न्हाणीत गेलो, तोल सावरायला गज धरला, आणि गज मला चावला. मी बाहेर आलो, दिवा विझवला, पुन्हा धरला. काही नाही. दिवा लावून पाटावर उभं राहून धरला. काही नाही. गिरणीत मोटारीपुढे लाकडी फळी टाकलेली आहे. मिस्त्री कुणालाही फळीवर उभं राहिल्याशिवाय खटका ओढू देत नाही, एकदा मी विसरलो तर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "सरपन व्हायचंय का तुला?" त्या फळीवर मी रोज उभा राहत होतो आणि घरी खडावांवर. तू उंबऱ्यावर होतीस. वायरमन बुटात होता. जमिनीवर उघड्या पायांनी उभी राहणारी या घरात एकटी तीच होती.

तू देवळात गेलीस तेव्हा मी तसबीर उतरवली. भिंत मागे ओलीगच्च. मुख्य खटका बंद केला आणि पकडीने खिळा ओढला. टोक गंजलं होतं, पण मधला भाग चकचकीत होता, जिथे तो तारेला घासत होता. भिंत ओली झाली की वीज त्याच्यातून पलीकडच्या गजात उतरत होती. मी भोकात चुना भरला, वरून पोतेरं फिरवलं आणि तसबीर समोरच्या भिंतीवर लावली. तू आल्यावर सांगितलं की ओल येते म्हणून देव हलवला. तिला जाऊन दोन महिने झाले तेव्हा मी ताम्हिणीला जाऊन तिला आणलं.

मला वाटलं होतं मी सगळं नीट केलं. गज पुन्हा चावला नाही. आणि त्यामुळे तुझं म्हणणं कायमचं खरं ठरलं. दोन महिने माहेरची पेज प्यायली आणि वीज पळाली, हे तू पाणवठ्यावर सांगितलंस, गिरणीत दळायला आलेल्या बायांना सांगितलंस. तिला वीजबाई म्हणायला लागलीस, मग आळी म्हणायला लागली. ती आली त्या संध्याकाळी तिने न्हाणीत जाऊन गज धरला, सोडला, माजघरात आली आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "देवाची जागा बदलली व्हय." बास. पुढे कधी विषय काढला नाही. तू अंथरुणावर होतीस तेव्हा तुझं सगळं तिनेच केलं. शेवटच्या दिवसांत ती तुला पाणी पाजत होती आणि तू तिला विचारलंस, "आता चावत न्हाई ना गज?" आणि हसलीस. ती म्हणाली, न्हाई. मी दारात उभा होतो.

आई, वर मी एक गोष्ट चुकीची लिहिली आहे. खोडणार नाही, पण खाली खरं लिहितो. खुंटी ती गेल्यावर मोडली नाही. मंगळवारी मोडली, त्या शुक्रवारच्या आधीच्या. गज मला मंगळवारी चावला, दिवा लावून-विझवून मी मंगळवारीच बघितलं, आणि बुधवारी गिरणीतल्या सुताराकडून नवी खुंटी बसवून घेतली. खिळा तेवढा मागून सापडला. शुक्रवारी तू दिवा लाव म्हणालीस तेव्हा काय होणार ते मला ठाऊक होतं. तुझ्यासमोर तुला चूक म्हणायचं होतं, आणि ते जमलं नाही. तिने गज धरल्यापासून दिवा विझवेपर्यंत मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. चुलीपुढे होतं तेच तोंड होतं, आणि या वेळी हात माझा नव्हता.

वायरमन उद्या नवी पट्टी ठोकायला येईल. भोकाची जुनी पट्टी सुनेने सरपणात टाकली नाही, न्हाणीच्या दारात ओल्या जागी टाकली आहे, पाय ठेवायला. वही मी देवाच्या कोनाड्यात ठेवीन, उघड्यावरच. या घरात वाचता येतं ते मला एकट्यालाच, म्हणून तर एवढं लिहायचं धाडस झालं.