चाळणीआधीची बाळं

आई, तुझ्या हातांचा मुका घेते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा खोकला?

गावात किती बाळं जन्मली, किती दगावली हे नोंदवायला आलेल्या इन्साफ डॉक्टरीणबाईंबरोबर मी घरोघर फिरते. त्यांच्या वहीत दगावलेली बाळं फारच कमी होती. मी म्हटलं, "बाई, सातव्या दिवशी चाळणीत झुलवून नाव ठेवेपर्यंत आमच्याकडे बाळ मोजत नाहीत. 'मुलं किती' नको, 'बाळंतपणं किती' विचारा."

"आधी नाही सांगितलंस गं!"

"तुम्ही विचारलंत कुठे!"

पुन्हा घरोघर फिरलो. आधी न मोजलेली, दगावलेली एकवीस बाळं निघाली. तो आकडा पाहून गावाला कायमची सुईण मिळाली. यंदा जन्मलेलं प्रत्येक बाळ चाळणीत झुललं!

त्या एकविसांत बाईंनी माझीही तिसऱ्या दिवशी दगावलेली लेक लिहून घेतली. नाव विचारलं. ह्यांनी जाण्यापूर्वी मला सांगितलेलं नाव मी दिलं. नवारा.

तुझीच,
बहिजा