मागच्या डाव्या चाकाचा ओलावा

अहो,

आज गाडी काढू नका. चिमी दूध पिऊन निजली, तेवढ्यात लिहून ठेवते. तुम्ही उठाल तेव्हा आत्याबाई समोर असतील, सासूपुढे मला हे बोलता येत नाही.

मागच्या डाव्या चाकाला आतून ओल आहे, ते अमावस्येला गाडीची पूजा केली त्याचं पाणी नाही. मी दाखवलं तेव्हा तुम्ही हसले होते, "पूजेचं पाणी असन. तुले गाडीतलं काय समजते?" आज मी फडकं लावून पाहिलं. पाणी कधीच वाळलं असतं. हे बोटाला तेलकट लागते. बोनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइलही खुणेच्या खाली गेलं. पेडल खोल जाते, हे तर कालच तुम्ही म्हणाले.

गाडी नाही म्हणजे माझं अकोल्याला जाणं नाही, हे मला समजते. चूप राहिली असती तर संध्याकाळी बाबांजवळ असती. पण मागच्या सीटवर चिमी असते हो.

एसटीनं जाते म्हटलं की आत्याबाई म्हणतात, "लेकरू घेऊन एसटीनं? लोक आमाले काय म्हणतीन?" बाबांचं ऑपरेशन उद्या सकाळी आहे. तुम्ही सांगितलं तर त्या ऐकतील. एवढं एकदा सांगा ना.

रागिणी